पर्सनल डिजिटल असिस्टंट

पर्सनल डिजिटल असिस्टंट (संक्षेप: पी.डी.ए.) म्हणजे तळहातावर मावणारा, एका व्यक्तीच्या नोंदी सांभाळण्यासाठी बनविलेला छोटा संगणक होय. दिनदर्शिका, नाव-पत्त्यांची वही, कामांची यादी व टिपणे ही त्याची चार मूळ कामे. साधारणतः १९९३ ते २००७ हा या उपकरणांचा काळ मानला जातो. त्यानंतर त्यांची सर्व कामे स्मार्टफोनने आपल्याकडे घेतली आणि स्वतंत्र उपकरण म्हणून पी.डी.ए. मागे पडला. मात्र त्याच जातीची हातातील यंत्रे पुढे सार्वजनिक सेवांत आली. आज अमरावती, अकोला व एकूण वऱ्हाडात बसचे तिकीट, टपाल कार्यालयातील बचत खाते आणि शिधावाटप दुकानातील धान्य ही तीनही अशा यंत्रांवर अवलंबून आहेत.

नाव व व्याख्या

'पर्सनल डिजिटल असिस्टंट' हा शब्दप्रयोग अॅपल कंपनीचे तत्कालीन प्रमुख जॉन स्कली यांनी ७ जानेवारी १९९२ रोजी लास व्हेगास येथील प्रदर्शनात न्यूटन या उपकरणाविषयी बोलताना केला. मराठीत त्यास 'हातसंगणक' किंवा 'अंकीय साहाय्यक' असे म्हणता येते. परंतु व्यवहारात 'पी.डी.ए.' आणि 'पामटॉप' हेच शब्द रुळले.

पी.डी.ए. आणि त्याआधीची 'डिजिटल डायरी' यांत फरक आहे. डिजिटल डायरीत कंपनीने घातलेल्या सोयींपलीकडे काही करता येत नसे. पी.डी.ए.मध्ये वापरणाऱ्यास नवीन प्रणाली बसविता येत आणि त्यातील नोंदी टेबलावरील संगणकाशी जुळविता येत. ही जुळवणी हेच त्याचे मुख्य वैशिष्ट्य होय.

इतिहास

ब्रिटनमधील सायॉन कंपनीने १९८४ मध्ये 'ऑर्गनायझर' हे उपकरण बाजारात आणले. ते या वर्गातील आद्य उपकरणांपैकी एक मानले जाते. याच कंपनीच्या १९९१ च्या 'सीरीज ३' मध्ये छोटा कळफलक आणि उघड-मीट होणारे झाकण होते.

अॅपलचे न्यूटन मेसेजपॅड १९९३ मध्ये आले. पडद्यावर लेखणीने नेहमीच्या हस्ताक्षरात लिहावे आणि यंत्राने ते ओळखावे, अशी त्याची कल्पना होती. आरंभीच्या आवृत्तीत ही ओळख वारंवार चुकत असे. शिवाय उपकरण मोठे व महाग होते. फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याचे उत्पादन थांबविण्यात आले.

या अनुभवापासून बोध घेऊन जेफ हॉकिन्स यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी १९९२ मध्ये पाम कम्प्यूटिंग ही कंपनी स्थापन केली होती. सदऱ्याच्या खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा जवळ बाळगून, दिवसभरात अशा उपकरणाची गरज कोठे कोठे पडते हे त्यांनी पाहिले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मार्च १९९६ मध्ये 'पायलट १०००' आणि 'पायलट ५०००' ही उपकरणे आली. त्यांची स्मृती अनुक्रमे १२८ व ५१२ किलोबाइट होती आणि पडदा १६० × १६० बिंदूंचा, रंगविरहित होता. दोन लहान सेलवर ती काही आठवडे चालत. ती मोजकीच कामे करीत, पण तत्काळ करीत.

मायक्रोसॉफ्टची विंडोज सीई ही प्रणाली १९९६ मध्ये आली आणि तिच्या आधारे २००० पासून 'पॉकेट पीसी' या नावाची उपकरणे मिळू लागली. कॉम्पॅकचे आयपॅक हे त्यांतील एक ठळक नाव. दुसरीकडे आयबीएमचा सायमन (१९९४), नोकियाचा कम्युनिकेटर (१९९६) आणि ब्लॅकबेरी (१९९९) यांनी दूरध्वनी, निरोप व रोजनिशी एकत्र आणण्याचे प्रयत्न केले. २००७ मध्ये आयफोन व २००८ मध्ये अँड्रॉइड फोन आल्यावर दोन उपकरणे बाळगण्याचे कारण उरले नाही. पाम कंपनी २०१० मध्ये एचपीने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी त्या मालिकेतील उपकरणांचे उत्पादन बंद झाले.

रचना व कार्य

पडदा: बहुतेक पी.डी.ए.मध्ये दाबसंवेदी पडदा असे. त्यात वीजवाहक लेप दिलेले दोन पारदर्शक थर अगदी थोड्या अंतरावर बसविलेले असतात. लेखणीने दाबताच ते एका बिंदूत एकमेकांस टेकतात. तेथील विद्युत्दाब मोजून यंत्र तो बिंदू पडद्यावर कोठे आहे हे ठरवते. म्हणूनच नखाने किंवा कोणत्याही बोथट टोकाने तो चालत असे. तसेच मधूनमधून पडद्यावरील ठरावीक खुणांवर टेकवून त्याची मोजणी जुळवून घ्यावी लागे.

स्मृती: आरंभीच्या उपकरणांत नोंदी व प्रणाली दोन्ही वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या स्मृतीत ठेवलेल्या असत. 'बंद' केलेले यंत्र वस्तुतः निजलेले असे. त्यामुळे कळ दाबताक्षणी ते आधीच्याच जागी उघडे. याच सोयीची दुसरी बाजू अशी की, विजेचा साठा पूर्ण संपला तर सर्व नोंदी पुसल्या जात. सेल बदलण्यास सुमारे एका मिनिटाची सवड मिळे. वीज गेली तरी नोंदी टिकवणारी स्मृती ट्रिओ ६५० (२००४) आणि विंडोज मोबाइल ५ (२००५) यांच्यापासून रूढ झाली.

जुळवणी: उपकरण एका बैठकीत ठेवून तारेने संगणकास जोडले जाई. पाम उपकरणांत या क्रियेस 'हॉटसिंक' म्हणत. प्रत्येक नोंदीवर 'नवी', 'बदललेली' किंवा 'काढून टाकलेली' अशी खूण असे आणि जुळवणीच्या वेळी फक्त खूण असलेल्या नोंदींची देवाणघेवाण होई. उदाहरणार्थ, अमरावतीत राहून अकोल्यास नोकरीसाठी जाणाऱ्या व्यक्तीने सकाळी रेल्वेत एका बैठकीची वेळ आपल्या पी.डी.ए.वर बदलली आणि त्याच दिवशी कार्यालयातील सहकाऱ्याने तीच नोंद संगणकावर वेगळी केली, तर खरी कोणती हे यंत्रास कळत नाही. अशा वेळी ते दोन्ही नोंदी ठेवते आणि निवड मालकावर सोडते. आजच्या फोनवरील सामायिक दिनदर्शिकेमागेही हाच प्रश्न असतो.

विजेचा व हवामानाचा प्रश्न

वर सांगितलेली स्मृतीची रचना अखंड वीज गृहीत धरून केलेली होती. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात मोठे भारनियमन होते आणि विदर्भातील गावांना त्याची झळ अधिक बसली. सुट्या सेलवर चालणाऱ्या उपकरणास अशा ठिकाणी अडचण येत नसे. सेल किराणा दुकानातही मिळत. रोज भारित करावे लागणारे रंगीत पडद्याचे उपकरण मात्र अडचणीत येई. त्याचा साठा दोन-तीन दिवसांत उतरे आणि नोंदी जाण्याचा धोका असे. वरकरणी मागासलेले उपकरण येथे अधिक भरवशाचे ठरते, ते याच कारणाने.

उष्णतेचाही संबंध आहे. अकोला हे देशातील अत्यंत उष्ण शहरांपैकी एक असून मे महिन्यात तेथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. लिथियम-आयन संचाची क्षमता उष्णतेने कायमची घटते. ४५ अंशांपेक्षा अधिक तापमानात तो भारित करणे अपायकारक असते. उन्हात उभ्या असलेल्या वाहनात उपकरण ठेवू नये, ही सूचना म्हणून वऱ्हाडात विशेष महत्त्वाची आहे. अति उष्णतेने द्रवस्फटिकाचा पडदा तात्पुरता काळा पडतो. तो सावलीत थंड झाल्यावर पूर्ववत होतो. काळ्या मातीची बारीक धूळ पडद्याच्या कडेत शिरल्यास दाबाची मोजणी बिघडते.

मराठी व देवनागरी

पी.डी.ए.ची सर्वांत मोठी उणीव मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने भाषेची होती. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने जिस्ट तंत्रज्ञानाद्वारे टेबलावरील संगणकावर भारतीय भाषा आणल्या होत्या. पण पाम उपकरणांत देवनागरीची सोय मुळात नव्हती.

याचे कारण केवळ अक्षरसंचाचा अभाव नव्हे. देवनागरीत लिहिण्याचा क्रम व दिसण्याचा क्रम वेगळा असतो. 'कि' लिहिताना वेलांटी व्यंजनानंतर येते, पण दिसते व्यंजनाच्या आधी. जोडाक्षरांत रूपे बदलतात. ही मांडणी करणारी प्रणाली यंत्रात स्वतंत्रपणे असावी लागते. 'वऱ्हाड' हे प्रदेशनामच त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्यातील 'ऱ्ह' मध्ये येणारा अर्धा र मराठीत आडव्या वळणाचा असतो. 'सूर्य' शब्दातील रफारापेक्षा तो वेगळा आहे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: एक तर नुक्तायुक्त 'ऱ' घेऊन, नाही तर साध्या 'र' नंतर हलंत व शून्य रुंदीचा जोडक देऊन. दोन्ही दिसतात सारखे, पण यंत्राच्या दृष्टीने ते भिन्न शब्द असल्याने एक शोधल्यास दुसरा सापडेलच असे नाही.

देवनागरीच्या अभावी नोंदी रोमन लिपीत कराव्या लागत. त्यात मराठीतील भेद बुडत. 'काळे' व 'काले' ही दोन आडनावे एकाच रूपात येतात. 'दाते' व 'दाटे' यांचेही तसेच. याद्या रोमन अनुक्रमाने लागत असल्याने 'आ' ने सुरू होणारी नावे 'अ' मध्ये मिसळत. आपल्या माणसांची नावे आपल्या लिपीत ठेवता येत नाहीत, अशी ही 'वैयक्तिक' वही होती.

हस्ताक्षर ओळखण्यासाठी पामने 'ग्राफिटी' ही पद्धत योजली होती. तीत प्रत्येक रोमन अक्षरास लेखणी न उचलता काढता येईल अशी एक साधी खूण ठरविलेली असे. यंत्राने माणसाचे हस्ताक्षर शिकण्याऐवजी माणसाने यंत्राची लिपी शिकावी, असा हा व्यवहार होता आणि तो यशस्वी झाला. शिरोरेषा, काना-मात्रा व जोडाक्षरे असलेल्या देवनागरीस अशी पद्धत लागू करणे कठीण आहे. देवनागरी हस्ताक्षर व बोललेली मराठी ओळखण्याची सोय सर्वसामान्यांस अँड्रॉइड फोनवरच मिळाली. गुगलने मराठी बोलीची ओळख २०१७ मध्ये उपलब्ध केली.

सिम्प्युटर

भारतीय भाषांसाठी हातसंगणक बनविण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न म्हणजे सिम्प्युटर होय. बंगळूरु येथील भारतीय विज्ञान संस्थेतील स्वामी मनोहर, विजय चंद्रू, व्ही. विनय व रमेश हरिहरन हे प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी त्याची रचना केली. त्याचा पहिला नमुना एप्रिल २००१ मध्ये दाखविण्यात आला. तो लिनक्स प्रणालीवर चालत असे आणि भारतीय भाषांतील मजकूर वाचून दाखविण्याची सोय त्यात होती. हेतू असा की, अक्षरओळख नसलेल्यासही त्याचा उपयोग व्हावा.

सिम्प्युटरची मूळ कल्पना मालकीच्या प्रश्नाशी निगडित होती. शेतकऱ्यास किंवा मजुरास असे उपकरण स्वतः घेणे परवडणार नाही, हे गृहीत धरून त्यात स्मार्ट कार्डाची खाच ठेवली होती. उपकरण गावाचे किंवा बचत गटाचे, आणि कार्ड व त्यातील नोंदी ज्याच्या त्याच्या, अशी ही योजना होती. बँकेतील सामायिक तिजोरी व प्रत्येकाची वेगळी किल्ली असा त्याचा अर्थ लावता येईल.

मार्च २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने तयार केलेले 'अमिडा सिम्प्युटर' विक्रीस आले. त्याची किंमत सुमारे १०,००० रुपयांपासून पुढे होती. कर्नाटकात भूमी-अभिलेखाच्या कामी आणि छत्तीसगडमध्ये शालेय शिक्षणात त्याचा वापर झाला. तथापि अपेक्षेच्या मानाने विक्री फार कमी राहिली. त्याच सुमारास साध्या मोबाइल फोनची किंमत झपाट्याने उतरत होती आणि लोकांनी गावाच्या सामायिक संगणकापेक्षा स्वतःचा फोन पसंत केला.

वऱ्हाडातील सार्वजनिक वापर

वैयक्तिक पी.डी.ए. महाराष्ट्राच्या जिल्ह्यांत मोजक्याच व्यावसायिकांपर्यंत पोहोचला. त्याचे सार्वजनिक भावंड मात्र खेडोपाडी गेले.

एस.टी.: महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या वाहकांकडे पूर्वी छापील तिकिटांची पेटी व छिद्र पाडणारा चिमटा असे. त्याजागी हातातील तिकीट यंत्र आले. टप्पा व प्रवाशाचा प्रकार निवडल्यावर यंत्र भाडे काढून तिकीट छापते आणि दिवसअखेर हिशेब आगारातील संगणकास देते. तत्त्वतः ही पी.डी.ए.ची जुळवणीच होय.

जनगणना: २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेत देशभर कागदी तक्त्यांऐवजी भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनविलेले हातातील टॅब्लेट संगणक वापरण्यात आले.

टपाल: डिसेंबर २०१७ मध्ये आरंभिलेल्या 'दर्पण' प्रकल्पाद्वारे देशातील सुमारे १ लाख २९ हजार ग्रामीण शाखा टपाल कार्यालयांना हातातील यंत्रे देण्याची योजना होती. विजेच्या अडचणीचा विचार करून त्यांस सौरऊर्जेची जोड देण्यात आली.

शिधावाटप: रास्त भाव दुकानांतील ई-पॉस यंत्र बोटाच्या ठशावरून लाभार्थ्याची ओळख पटवते व धान्य दिल्याची नोंद करते. शेतात राबणाऱ्या व वृद्ध व्यक्तींच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. त्यामुळे ठसा न जुळण्याचे प्रसंग येतात. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, म्हणजे धारणी व चिखलदरा तालुक्यांत, डोंगराळ वनभागामुळे मोबाइल जाळ्याचीही अडचण असते. अशा ठिकाणी पर्यायी ओळखपद्धती नसेल तर यंत्रातील त्रुटीची किंमत धान्य न मिळणाऱ्या कुटुंबास मोजावी लागते. वैयक्तिक पी.डी.ए. बिघडल्यास मालकाची एक भेट चुके. सार्वजनिक यंत्राच्या बाबतीत परिणाम याहून गंभीर असतो.

ई-पीक पाहणी: १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद छायाचित्रासह करावयाची ही पद्धत सुरू झाली. पूर्वी तलाठी करीत असलेली सातबाऱ्यावरील पिकाची नोंद यामुळे शेतकऱ्याच्या हाती आली. कापूस, सोयाबीन व तूर घेणाऱ्या वऱ्हाडातील शेतकऱ्यास पीकविमा व नुकसानभरपाईच्या वेळी या नोंदीचे महत्त्व असते. उपकरण स्वतःचे, भाषा मराठी आणि नोंद स्वतः केलेली, या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्यास मात्र दुसऱ्याच्या फोनचा आधार घ्यावा लागतो. सिम्प्युटरच्या रचनाकारांपुढील सामायिक उपकरणाचा प्रश्न या रूपाने शिल्लक आहे.

जुने उपकरण व नोंदींची जपणूक

जुन्या पी.डी.ए.मधील नोंदी वाचवावयाच्या असल्यास उपकरण चालू असतानाच त्या बाहेर काढणे आवश्यक असते. नाव-पत्ते व्ही-कार्ड या सामायिक स्वरूपात, तर टिपणे साध्या मजकुराच्या रूपात ठेवल्यास नव्या उपकरणांतही वाचता येतात. एखाद्या कंपनीच्या खास स्वरूपातील नोंदी ती कंपनी बंद झाल्यावर उघडणे अवघड होते. उपकरण विकण्यापूर्वी किंवा देण्यापूर्वी त्यातील स्मृती व स्मृतिपत्र पूर्णपणे पुसावे.

निकामी उपकरण घरच्या कचऱ्यात टाकू नये. भारतात ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम १ मे २०१२ पासून व सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यांनुसार असा कचरा अधिकृत संकलन केंद्राकडे किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावा. फुगलेला लिथियम संच दाबू वा टोचू नये; त्याने आग लागू शकते.

वारसा

खिशातील वहीत व्यक्तीच्या स्मरणाचा एक भाग सोपविण्याची प्रथा जुनीच आहे. पी.डी.ए.ने ती वही दोन ठिकाणी एकाच वेळी ठेवण्याची सोय दिली. लेखणीने टेकून निवडणे, नोंदींची आपोआप जुळवणी, बाहेरून प्रणाली आणून बसविणे या आजच्या फोनमधील सवयी त्यातूनच आल्या. त्या वेळी नोंदी खिशातील यंत्रात व घरच्या संगणकात, म्हणजे मालकाच्याच ताब्यात, असत. आज त्यांची जुळवणी दूरच्या कंपन्यांच्या संगणकांमार्फत होते. उपकरण हरवले तरी नोंदी राहतात, हा त्याचा लाभ आहे. त्या कोणाच्या ताब्यात आहेत हे वापरणाऱ्यास सहसा दिसत नाही, ही त्याची मर्यादा आहे.

हेही पहा

स्मार्टफोन
सिम्प्युटर
देवनागरी
युनिकोड
वऱ्हाड
ई-कचरा